परदेशी राहून स्पॅनिश शिकायचं आहे? मग कामांचा क्रम आधी नीट लावा

स्पॅनिश शिकायला परदेशी जाणारे बहुतेक जण कामं उलट्या क्रमाने करतात. आधी एखादं शहर मनात भरतं, मग तिकीट निघतं, मग शाळा शोधली जाते, मग राहायची जागा. भाषेची तयारी मात्र 'तिथे गेल्यावर होईलच' म्हणून सोडून दिलेली असते. तीन महिन्यांनी परत येतात तेव्हा कॉफी मागता येते, रस्ता विचारता येतो, पण समोरचा जरा मोकळेपणाने बोलू लागला की इंग्रजीचा आधार घ्यावा लागतो. यात दोष देशाचा नसतो, शाळेचाही क्वचितच असतो. नुसतं तिथे राहिल्याने भाषा येत नाही. जी थोडीफार भाषा तुम्ही सोबत नेता, तिला तिथे रोज काम मिळतं, एवढंच. म्हणून खालचा क्रम.

टप्पा १: निघण्यापूर्वी ए२ गाठा

भाषेच्या पातळ्या युरोपीय मोजपट्टीत ए१ (अगदी सुरुवात), ए२, बी१, बी२ अशा चढत जातात. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना कामापुरती स्पॅनिश यायला सुमारे ३० आठवडे पूर्णवेळ वर्ग धरते. त्यापुढे आपला चार आठवड्यांचा, आठवड्याला २० तासांचा कोर्स ठेवून बघा: ८० तास. एवढ्यात शून्यापासून निघालेला माणूस जेमतेम ए१ संपवतो. आणि ए१ मध्ये जे असतं (नाव-गाव, घड्याळ, रंग, वर्तमानकाळ) ते ऑनलाइन शिक्षकाकडे घरबसल्या तितकंच चांगलं शिकता येतं. त्यासाठी विमानभाडं कशाला?

ए२ पर्यंत पोचलेल्याला रस्त्यावरचं बोलणं निम्मं तरी कळतं. निम्मं कळलं की उरलेलं अंदाजाने ओढून घेता येतं. काहीच कळत नसेल तर आजूबाजूची स्पॅनिश हा नुसता गलका असतो.

तयारीत कशावर भर द्यायचा? दोन्ही भूतकाळ (घडून गेलेली गोष्ट सांगायचा आणि 'असायचं, करायचो' असा), 'त्याला, तिला, ते' अशी छोटी सर्वनामं, ऐकून लगेच कळणारे आकडे, आणि आपलं नाव-आडनाव स्पॅनिश अक्षरांत सांगणं. हे शेवटचं फालतू वाटतं, पण पहिल्याच आठवड्यात प्रत्येक काउंटरवर लागतं.

मराठी माणसाने एक गोष्ट जाणूनबुजून करावी: स्पॅनिश इंग्रजीमार्गे शिकू नये. 'मला आवडतं' आणि 'मे गुस्ता' यांची बांधणी एकच आहे. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे महिनाभर अडखळतो, तुम्हाला अडायचं कारण नाही. 'जातो' म्हटल्यावर 'मी' म्हणावं लागत नाही, तसंच 'बोय' म्हटल्यावर 'यो' लागत नाही. विशेषण नामाच्या लिंगानुसार बदलतं हेही आपल्याला नवं नाही. उच्चारातही तेच: स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखे दंत्य आहेत, आणि प, त, क म्हणताना इंग्रजीसारखा हवेचा फुत्कार सुटत नाही. फक्त नामाचं लिंग मराठीवरून ठरवू नका. हात तिथे स्त्रीलिंगी आहे (ला मानो), आणि 'आ'ने संपूनही 'प्रोब्लेमा' पुल्लिंगी.

तपासा: फोनवर पाच मिनिटं रेकॉर्ड करा. काल दिवसभर काय केलं ते, कागदात न बघता. अडखळत का होईना, पाच मिनिटं भरली तर तिकिटाचं बघा. दोन मिनिटांत संपलं तर अजून दोन महिने थांबा.

टप्पा २: देश आणि शहर

'सर्वात शुद्ध स्पॅनिश कुठली' हा प्रश्न सोडून द्या. त्याचं उत्तर प्रत्येक शहर स्वतःचंच नाव देतं. नवशिक्याच्या कामाचा प्रश्न वेगळा आहे: कुठलं बोलणं माझ्या कानाला लवकर पकडता येईल, आणि मला पुढे ते कुठे वापरायचं आहे?

स्पेनच्या उत्तर आणि मध्य भागात, म्हणजे सालामांका, बायादोलिद, बुर्गोस इथे, उच्चार बऱ्यापैकी सुटे असतात. इथे 'z' हे अक्षर जिभेचं टोक दातांत धरून म्हणतात, आणि मित्रमंडळींना 'तुम्ही' म्हणायला 'बोसोत्रोस' हे वेगळं रूप वापरतात. लॅटिन अमेरिकेत ते रूप नाही. तिथे सगळ्यांना 'उस्तेदेस'. दक्षिणेत, आंदालुसियात, शब्दाच्या शेवटचा 'स' बहुधा गायब होतो. ग्रानादा आणि सेविया राहायला सुरेख आहेत, ग्रानादा विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं भाषाकेंद्रही जुनं आणि नावाजलेलं आहे. पण कान कच्चा असेल तर तिथले पहिले पंधरा दिवस जड जातात, हे धरून चाला. कोलंबियातल्या बोगोताचं बोलणं नवशिक्याला सोपं जातं. तिथे 'उस्तेद' (एकाला उद्देशून आदरार्थी 'तुम्ही') घरच्यांनाही म्हणतात, त्यामुळे गोंधळू नका. बुएनोस आइरेसमध्ये 'तू'च्या जागी 'बोस' येतं आणि क्रियापदाची रूपंही बदलतात. अर्जेंटिनातच राहायचं नसेल तर पहिला मुक्काम तिथे नको, असं माझं मत.

बार्सेलोनाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. शहर मोहात पाडणारं आहे, पण तिथे कातालान ही सहअधिकृत भाषा आहे. पाट्या, शाळा, शेजाऱ्यांच्या गप्पा यांत ती भरपूर असते. वर पर्यटकांमुळे इंग्रजी सर्वत्र. स्पॅनिश येईल, पण तिला जागा करून द्यावी लागेल. सान सेबास्तियान (बास्क) आणि सांतियागो दे कोम्पोस्तेला (गालिसियन) इथेही दुसरी भाषा आहे, इंग्रजीचा रेटा मात्र कमी.

मध्यम आकाराचं, विद्यापीठ असलेलं, पर्यटकांची फार झुंबड नसलेलं शहर निवडा. लॅटिन अमेरिकेत ग्वातेमालामधलं केत्साल्तेनांगो (सगळे 'शेला' म्हणतात), एक्वादोरमधलं क्वेन्का, बोलिव्हियातलं सुक्रे, मेक्सिकोतलं ग्वानाह्वातो ही त्या जातीची गावं. ग्वातेमालातल्याच आंतिग्वामध्ये शाळांची रेलचेल आहे, पण परदेशी माणसांचीही.

सावध: जुलै-ऑगस्टमध्ये स्पेनला शिकायला जाऊ नका. ऑगस्टमध्ये स्थानिक लोक सुट्टीवर जातात, लहान दुकानं बंद असतात, सेविया-कोर्दोबाला पारा ४० च्या वर जातो, आणि शाळा परदेशी विद्यार्थ्यांनी भरलेल्या असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी ते मे बरे, फक्त ईस्टरआधीच्या आठवड्यात वर्ग आहेत का ते विचारा.

आणखी एक: कितो (सुमारे २,८५० मीटर), बोगोता (सुमारे २,६०० मीटर) ही शहरं उंचावर आहेत. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्ग ठेवू नका. डोकं दुखत असताना क्रियापदं चालवता येत नाहीत.

टप्पा ३: शाळेला पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

ईमेलने विचारा, आणि स्पॅनिशमध्येच. उत्तर इंग्रजीत आलं तर तिथलं वातावरण कसं असेल याचा थोडा अंदाज येतोच.

१. तुमचा एक 'तास' किती मिनिटांचा? ४५, ५० आणि ५५ मिनिटं, तिन्हींना 'तास' म्हणतात. आठवड्याच्या २० तासांत ४५ आणि ५५ मधला फरक तीन तासांहून जास्त होतो.
२. वर्गात जास्तीत जास्त किती जण, आणि मी येणार त्या महिन्यात साधारण किती असतात?
३. माझ्या पातळीवर मी एकटाच निघालो तर? बऱ्याच शाळा अशा वेळी शिकवणी एकट्याची करतात आणि तास निम्म्यावर आणतात. नियमावलीत बारीक अक्षरात असतं ते.
४. सार्वजनिक सुट्टीचे बुडालेले तास भरून मिळतात का?
५. व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळतात का? हे उत्तर लेखीच घ्या.

स्पेनमध्ये इन्स्तितुतो सेर्वांतेसची मान्यता आहे का ते बघा. ही सरकारी संस्था १९९१ साली सुरू झाली, आणि मान्यताप्राप्त शाळांची यादी तिच्याकडे असते. मुक्काम मोठा असेल तर सरकारी भाषाशाळा, 'एस्क्वेला ओफिस्याल दे इद्योमास', खासगीपेक्षा बरीच स्वस्त पडते. मात्र ती शैक्षणिक वर्षाप्रमाणे चालते, मनात आलं त्या सोमवारी सुरू होत नाही.

ग्वातेमालाच्या शाळांची पद्धत वेगळी: एक शिक्षक, एक विद्यार्थी, रोज चार-पाच तास. बोलण्यासाठी याहून चांगलं काही नाही, पण सगळं त्या एका शिक्षकावर अवलंबून असतं. गप्पाच चालल्या आहेत, चुका दुरुस्त होत नाहीत असं वाटलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिक्षक बदलून मागा. भिडेपोटी आठवडा घालवू नका.

टप्पा ४: घर हाच खरा वर्ग

शाळेत तुम्ही चार तास असता, घरी त्याहून कितीतरी जास्त. तरीही लोक शाळेवर आठवडाभर खल करतात आणि घर एका क्लिकवर ठरवतात. शाळेच्या विद्यार्थी-निवासात राहिलात तर स्वयंपाकघरात इंग्रजी चालणार, हे गृहीत धरा. पहिला महिना तरी स्थानिक कुटुंबात काढावा.

मात्र 'कुटुंब' म्हटलं की सगळं आलं असं नाही. काही ठिकाणी हा निव्वळ खोल्या भाड्याने देण्याचा धंदा असतो: चार खोल्या, चार परदेशी विद्यार्थी, आणि जेवण झाकून ठेवलेलं. म्हणून विचारा: घरात आणखी किती विद्यार्थी असतील, माझी भाषा बोलणारं कुणी असेल का, आणि घरचे माझ्याबरोबर जेवायला बसतात का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन-साडेतीनच्या दरम्यान आणि रात्रीचं नऊ-दहाला होतं, आणि जेवण झाल्यावरही माणसं टेबलावरून उठत नाहीत, गप्पा मारत बसतात. त्याला 'सोब्रेमेसा' म्हणतात. तुमचं फुकटचं दुसरं सत्र तेच. ताट उचलून खोलीत गेलात की ते बुडालं.

शाकाहारी असाल तर नुसतं 'बेखेतारियानो' सांगून भागत नाही. 'एन्सालादा मिक्स्ता' या साध्या सॅलडमध्ये बहुधा ट्यूना मासा असतो, आणि डाळी-कडधान्यांच्या रश्श्यात चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) किंवा हॅमचा तुकडा स्वादासाठी पडलेला असतो, त्याला कुणी मांस मोजत नाही. 'नि कार्ने, नि पेस्कादो, नि खामोन' (मांस नको, मासा नको, हॅम नको) असं एकेक नाव घेऊन सांगा, आणि घर ठरवतानाच सांगा. तिथे पोचल्यावर सांगणं यजमानीणबाईंवर अन्याय आहे. ग्वातेमालात रविवारचं जेवण बहुतेक ठिकाणी धरलेलं नसतं, तेही आधी विचारून घ्या.

टप्पा ५: कागदपत्रं

शेंगेन व्हिसावर (स्पेनसह युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि हे दिवस संपूर्ण शेंगेन क्षेत्राचे मिळून मोजतात. वाटेत पॅरिसला काढलेला आठवडाही त्यातच गेला. ९० दिवसांपेक्षा मोठ्या कोर्सला स्पेनचा विद्यार्थी व्हिसा लागतो. त्यासाठी साधारण हे हाताशी ठेवा: पूर्णवेळ कोर्सचं प्रवेशपत्र, खर्चाची तजवीज दाखवणारे बँकेचे कागद (हिशेब 'इप्रेम' या सरकारी निर्देशांकावर होतो, २०२५ मध्ये तो महिना ६०० युरो होता), आणि स्पेनमध्ये चालणारा आरोग्य विमा. विम्यात उपचाराच्या वेळी तुम्ही काही वाटा भरायचा, अशी अट असता कामा नये. साधा प्रवास-विमा इथे चालत नाही, आणि अर्ज अडकण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

मुक्काम १८० दिवसांपेक्षा मोठा असेल तर पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि वैद्यकीय दाखलाही लागतो. दाखल्याला अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का), मग अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर, याच क्रमाने. उलट केलं तर अपोस्टिलच्या मजकुराचं भाषांतर राहून जातं आणि फेरी पुन्हा मारावी लागते.

सावध: स्पेनमध्ये परदेशी नागरिकांसाठीचे नवे नियम २० मे २०२५ पासून लागू झाले आहेत. त्याआधी गेलेल्या कुणाचा अनुभव कितीही तपशीलवार असला तरी त्यावरून अर्ज भरू नका. ज्या वकिलातीत अर्ज द्यायचा, तिचीच ताजी यादी समोर ठेवा. लॅटिन अमेरिकेत प्रत्येक देशाचा नियम निराळा. तिथेही शाळेच्या आश्वासनापेक्षा वकिलातीचं लेखी उत्तर खरं माना.

दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांतून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात, आणि ते लस घेतल्यावर १० दिवसांनी वैध होतं. आदल्या आठवड्यात आठवण होऊन उपयोग नाही.

टप्पा ६: पहिला आठवडा

सहा महिन्यांहून मोठ्या मुक्कामाला स्पेनमध्ये पोचल्यापासून महिन्याच्या आत परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो. त्याची वेळ ऑनलाइन घ्यायची असते आणि मोठ्या शहरांत ती सहज मिळत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी प्रयत्न सुरू करा. नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंद करायला घरमालकाचा करार किंवा संमती लागते. खोली घेण्यापूर्वीच 'नोंद करू देणार ना?' असं विचारा. नाही म्हणणारे बरेच निघतात.

शाळेतल्या पातळी-चाचणीत हुशारी दाखवू नका. लेखी चाचणी चांगली देऊन लोक वरच्या वर्गात बसतात आणि तोंड उघडता न आल्याने गप्प राहतात. पहिल्या दोन दिवसांत वर्ग अवघड किंवा सोपा वाटला तर लगेच सांगा. तिसऱ्या आठवड्यात बदलून फायदा नसतो.

आणि याच आठवड्यात आपल्या देशातल्या किंवा इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींचा गट जमतो. तो सुखाचा असतो, म्हणूनच घातक. पूर्ण टाळायची गरज नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांना द्या, बाकीच्या नाही.

टप्पा ७: वर्ग सुटल्यानंतरचे तास

बहुतेकांचा कोर्स इथे फसतो. वर्ग दुपारी संपतो, मग खोली, मोबाइल, मालिका. 'संस्कृतीत मिसळणं' म्हणजे संग्रहालयं बघणं, असा समज असतो. संग्रहालयात कुणी तुमच्याशी बोलत नाही.

त्याऐवजी रोज एक असं काम काढा जे बोलल्याशिवाय होणार नाही. बाजाराचंच घ्या. स्पेनमध्ये मंडईतल्या फळवाल्यापुढे रांग दिसत नाही, माणसं इकडेतिकडे उभी असतात. पण रांग असते. आलेला माणूस विचारतो, 'क्येन एस एल उल्तिमो?' म्हणजे शेवटचं कोण? एखाद्या आजीबाई 'यो' म्हणतात. त्यांच्यानंतर तुमचा नंबर. मग नवीन कुणी आलं आणि त्याने तेच विचारलं की 'यो' म्हणायची जबाबदारी तुमची. न विचारता पुढे गेलात तर जे ऐकून घ्यावं लागेल तेही स्पॅनिशच, पण ते टाळलेलं बरं. एकदा या साखळीत बसलात की पेरू-संत्र्यांवर, हवेवर, भावावर बोलणं होतं, आणि त्याच दुकानात रोज गेलात तर आठवड्याभरात तुमची चौकशी होऊ लागते. सुपरमार्केटात गेलात तर यातलं काहीच घडत नाही.

कॉफी मागतानाही इंग्रजी वाक्याचं शब्दशः भाषांतर करू नका. 'मला मिळू शकेल का' अशी लांब रचना करून परदेशीपणा जाहीर होतो. स्पेनमध्ये 'मे पोनेस उन काफे?' एवढंच म्हणतात. कोलंबियात हेच 'मे रेगाला उन तिंतो?' होतं, आणि तिथे 'तिंतो' म्हणजे काळी कॉफी. स्पेनमध्ये तोच शब्द रेड वाइनला. आणि 'घेणे' या अर्थाचं 'कोखेर' हे स्पेनमध्ये दर वाक्यात येणारं निरुपद्रवी क्रियापद मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात चारचौघांत तोंडातून काढू नका.

भाषेची देवाणघेवाण, 'इंतेरकांब्यो', जरूर करा, पण घड्याळ लावून: अर्धा तास स्पॅनिश, अर्धा तास इंग्रजी. नाहीतर ज्याची दुसरी भाषा पक्की, त्याच्या बाजूला गप्पा घसरतात. बारमधले दहा-पंधरा जणांचे मेळावे ओळखी करायला ठीक, शिकायला नाहीत. त्याहून उत्तम म्हणजे एखादा वर्ग जो भाषेचा नाहीच: स्वयंपाक, नृत्य, मातीकाम, फुटबॉल. तिथे तुमच्यासाठी कुणी सावकाश बोलत नाही, आणि हात काय करतायत ते दिसत असल्याने शब्द आपोआप कळतात.

समोरच्याने तुमचा अडखळता सूर ऐकून इंग्रजी सुरू केली तर? रागावू नका, स्पॅनिशमध्येच उत्तर देत राहा. दोन-तीन वाक्यांत बहुतेक लोक परत वळतात. नाही वळले तर त्यांना घाई आहे, सोडून द्या.

तपासा: रात्री आठवा, आज वर्गाबाहेर एकूण किती वेळ स्पॅनिश बोललो? नुसती ऐकलेली धरायची नाही. तासाच्या आत असेल तर उद्याचं काम आजच ठरवा.

टप्पा ८: 'चाललंय की' हा टप्पा

काही आठवड्यांनी काम भागू लागतं. लोकांना तुमचं कळतं, म्हणून ते चुका सुधारत नाहीत, आणि त्याच चुका पक्क्या बसतात. दोन भूतकाळांची अदलाबदल, 'सेर' आणि 'एस्तार' (दोन्ही 'असणे'), 'पोर' आणि 'पारा' (दोन्ही साधारण 'साठी') या तीन ठिकाणी हे हमखास होतं. यजमानांना किंवा जोडीदाराला सगळ्या चुका सुधारायला सांगू नका, ते दोन दिवसांत कंटाळतात. एका आठवड्याला एकच चूक द्या: 'या आठवड्यात फक्त भूतकाळ चुकला की टोका.' हे लोकांना जमतं, आणि तुम्हालाही.

वही जवळ ठेवा, पण सुटा शब्द लिहू नका. कानावर पडलेलं आख्खं वाक्य लिहा आणि त्याच संध्याकाळी ते कुठेतरी वापरा.

टप्पा ९: परीक्षा आणि परतीनंतर

प्रमाणपत्र हवं असेल तर 'डेले' आणि 'स्येले' या स्पॅनिशच्या दोन परीक्षांपैकी कुठली द्यायची ते मुक्कामाच्या सुरुवातीलाच ठरवा. डेलेचं प्रमाणपत्र कायमचं असतं, पण ठरलेल्या पातळीला पास किंवा नापास, आणि परीक्षा ठरावीक तारखांनाच, नोंदणी बरीच आधी बंद. स्येले संगणकावर होते, आलेल्या गुणांवरून पातळी सांगते, आणि पाच वर्षं चालते.

डेलेच्या बी१-बी२ मध्ये वाचन-लेखन हा एक गट आणि श्रवण-संभाषण हा दुसरा. प्रत्येक गटात ५० पैकी किमान ३० लागतात. एका गटातली कमाई दुसऱ्याला उधार मिळत नाही. कुटुंबात राहून फाडफाड बोलायला लागलेली माणसं इथे पहिल्या गटात अडकतात, कारण तीन महिन्यांत मोबाइलवरच्या संदेशांपलीकडे त्यांनी काही लिहिलेलंच नसतं. शेवटचा महिना आठवड्याला दोन पत्रं किंवा लेख लिहा आणि शाळेतल्या शिक्षकाकडून लाल शाईने तपासून घ्या.

निघण्याच्या आठवड्यात इंतेरकांब्योच्या जोडीदाराबरोबर पुढच्या तीन महिन्यांसाठी ठरलेला वार आणि वेळ पक्की करा, दोन्हीकडचं घड्याळ जुळवून. स्पेनमध्ये मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, तेवढं लक्षात ठेवा.